परत न आलेला सॅल्यूट

सबीना एसटीतून उतरली तेव्हा तिचे वडील न्हावऱ्याच्या चौकात सॅल्यूट ठोकून उभे होते.

दौंड-शिरूर गाडी साडेनवाच्या सुमारास न्हावऱ्यात येते. दर रविवारी सबीना त्या गाडीनं येते आणि दर रविवारी मीरासाहेब चौकात तिची वाट बघत असतात. त्यात नवीन काही नव्हतं. नवीन होता तो सॅल्यूट. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, धुतलेला सदरा-पायजमा, टाचा जुळवलेल्या, पांढरे केस वाऱ्यावर भुरभुरतायत आणि उजवा हात भुवईशी. वडील आज जरा खुशीत आहेत असं तिला वाटलं.

"बास की अब्बा. पोचले मी."

"तुला न्हाई."

"मग कुणाला?"

"ते गेले फुडं."

मीरासाहेबांनी मान हलवली नाही. फक्त बुबुळं मारुतीच्या देवळाकडं फिरवली. तिकडून बँडचा आवाज येत होता. चहाच्या गाड्यावरचा पप्पू एवढ्याचीच वाट बघत होता. फडकं खांद्यावर टाकून तो पुढं आला.

"बँडमास्तरला केलाय, ताई. वैष्णवीचं लगीन हाय ना आज. वरवंडाहून वऱ्हाड आलंय, बँडबी त्यांचाच. नवरदेवाची परण्या वाजतगाजत हितनं गेली आन् आबा असं उभं. म्या म्हणलं, आबा, ते शंकरराव हायेत, ट्रम्पेटवालं. आबा म्हणलं, मला शिकवू नगं."

"अब्बा, बँडवाल्याला सॅल्यूट?"

"माणसाला न्हाई करत सॅल्यूट. हुद्द्याला करतात. लाल कोट, खांद्यावर बोटभर जाड सोनेरी झालर, टोपीला तुरा. एवढं सोनं आमच्या ब्रिगेडियरच्या अंगावर नव्हतं. आत माणूस कोण हाय, ते जवानानं बघायचं नसतं."

"बरं, केलात ना? मग घ्या हात खाली."

मीरासाहेब दया आल्यासारखे हसले. "सबीना, फौजीची लेक तू. वरिष्ठानं सलामी परत दिली न्हाई, तवर कनिष्ठाचा हात खाली येत न्हाई. त्यांच्या दोन्ही हातांत वाजप होतं. त्यांनी परत दिली न्हाई."

सबीनानं पर्स उगीच एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

त्या पर्सच्या आतल्या कप्प्यात एक कागद होता. गेल्या पावसाळ्यात मीरासाहेब न्हाणीत पाय घसरून पडले आणि त्यांचे दोस्त हौसराव पेपर वाचायला येईपर्यंत तासभर तसेच पडून राहिले, त्यानंतर तो कागद झाला. सबीनाच्या आईला, अमीरबीला, जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. सबीना दौंडच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर बसते. तिच्यासमोर कागद घेऊन येणारी माणसं बहुतेक एकच वाक्य बोलतात, कालपर्यंत अगदी चांगले होते. रोज ते वाक्य ऐकून तिनं वडिलांशी दोन महिने वाद घातला आणि शेवटी मीरासाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं: ज्या दिवशी माझं कोणतंही एक काम मला स्वतःला जमणार नाही, त्या दिवशी मी ट्रंक घेऊन दौंडला हजर होईन. खाली सही, फौजेतला नंबर, आणि साक्षीदार म्हणून हौसराव.

तेव्हापासून मीरासाहेबांचं सगळं काम स्वतःला जमत होतं. गुडघा सुजला तेव्हा ते म्हणाले, मांडी घालणं हे काम नव्हे. ऐकू कमी यायला लागलं तेव्हा म्हणाले, ऐकणं हे बोलणाऱ्याचं काम. दौंडच्या फ्लॅटला लिफ्ट होती, गरम पाणी होतं, सगळं होतं. पण तिथं हौसराव नव्हते, आणि अमीरबीनं लावलेलं कढीपत्त्याचं झाड नव्हतं. मीरासाहेब हे कुणाला बोलून दाखवत नसत.

"खांदा धरलाय का अब्बा?" सबीनानं हळूच विचारलं.

"खांद्याचा काय संबंध? मला ट्रंक भरायला लावायची घाई झालीय का तुला?"

ट्रंकेचं नाव तिनं काढलं नव्हतं.

तेवढ्यात शिरूरकडून मोटरसायकलवर एक पोलीस आला. समोर सॅल्यूट ठोकलेला दिसल्यावर वर्दीतल्या माणसाच्या हाताला जी सवय असते त्या सवयीनं त्यानंही ठोकला. मोटरसायकल डावीकडं झुकली, पप्पूच्या बाकड्याला घासली आणि पुढं निघून गेली.

"घ्या, मिळाली परत," सबीना म्हणाली.

"ज्याला दिली त्यानंच परत द्यायची असती. कुणाच्या बदली कुणी दिल्याली चालत न्हाई."

पप्पूनं चहा आणला. मीरासाहेबांनी नको म्हटलं. सॅल्यूटमध्ये असताना चहा पिणं कोणत्याही सैन्यात बसत नव्हतं. पप्पूनं कप ओठाशी धरायची तयारी दाखवली, तर तेही बसत नव्हतं. एव्हाना चौकात दहापंधरा माणसं जमली होती. त्यांतल्या दोघांनी, आपण काही कमी आहोत असं वाटू नये म्हणून, सॅल्यूट करून ठेवले होते.

मग हौसराव आले.

हौसराव नौदलातून निवृत्त. हुद्दा पेटी ऑफिसर. गावात सुरुवातीची काही वर्षं लोक त्यांना भजनाला पेटी वाजवायला बोलवत. पायदळ-तोफखान्यात जो हवालदार, नौदलात तोच पेटी ऑफिसर, आणि हवाई दलात तोच सार्जंट. म्हणजे तोफखान्यातले हवालदार मीरासाहेब आणि हौसराव बरोबरीचे. बरोबरीच्या माणसांत सॅल्यूट नसतो. त्यामुळं पस्तीस वर्षं दोघं रोज भेटत होते आणि आपल्यापैकी मोठा कोण, हे ठरायचं राहून गेलं होतं.

हौसरावांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि मीरासाहेबांभोवती एक पूर्ण फेरी मारली.

"अगागागा! मीरासाहेब! तळवा खाली?"

मीरासाहेबांनी हनुवटी आणखी वर केली.

"सबीना, बघ. तुझ्या बापाचा तळवा बघ. आर्मीचा सॅल्यूट कसा असतो? तळवा समोर, आरशासारखा. हातात हत्यार न्हाई म्हणून दाखवायला. आन् आमचा नेव्हीचा? तळवा जमिनीकडं. जहाजावर दोरखंडाचं डांबर हाताला लागल्यालं असायचं, मळका हात साहेबाला दिसू नये म्हणून. पस्तीस वर्षं ह्यो माणूस मला म्हणतोय, तुमचा सॅल्यूट म्हंजी उन्हाला कावल्याला माणूस. आन् आज भर चौकात? हा बघा! नेव्हीचा सॅल्यूट!"

"साहेब पांढऱ्या पँटीत हुते," मीरासाहेब समोर बघत म्हणाले. "मला नेव्हीचे वाटले."

"आसं न्हाई चालत! समोरचा कुणी का असंना, आपण आपल्याच दलाचा सॅल्यूट द्यायचा. तुमीच मला शिकवलंय."

"सौजन्य म्हणून दिला."

हौसरावांचे डोळे भरून यायचे बाकी राहिले. त्यांनी मोबाइल काढला, मीरासाहेबांचा समोरून एक, बाजूनं एक आणि तळव्याचा जवळून एक असे तीन फोटो घेतले आणि माजी सैनिकांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'अखेर तोफखाना शरण. स्थळ न्हावरे.'

दोन मिनिटांत ग्रुपवर शिरूरहून सार्जंट अक्रम यांचा आवाज आला. ते हवाई दलातले. "हौसराव, कोनमापक घ्या. हा तळवा जमिनीकडं कुठाय? पंचेचाळीस अंशांत हाय. विमान असंच वर चढतं. हा आमचा सॅल्यूट. हवालदारसाहेबांचं हवाई दलात स्वागत."

"पयला तुमचा सॅल्यूट आर्मीसारखाच हुता," हौसराव मोबाइलमध्ये ओरडले. "तुमी नंतर बदलला. तुमी बोलूच नका!"

मग कुणीतरी विचारलं की समोरचे अधिकारी फोटोत का दिसत नाहीत. हौसराव सत्यवचनी माणूस. त्यांनी लिहिलं, 'अधिकारी सलामी परत न देता निघून गेले.' त्यावर ग्रुप पेटला. एका वृद्ध माजी सैनिकाला भर उन्हात ताटकळत ठेवणाऱ्या या उद्दाम अधिकाऱ्याचा निषेध करणारा ठराव साडेदहाच्या आत एकमतानं मंजूर झाला. अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि युनिट ताबडतोब कळवावं, अशीही मागणी झाली.

"काय कळवू?" हौसरावांनी विचारलं.

"काही कळवू नका काका," सबीना म्हणाली. "बँडमास्तर कुठंय तिथं चला."

वडिलांच्या कपाळावर घाम होता. ओठ घट्ट मिटलेले होते. त्यांचा डावा हात पायजम्याच्या शिवणीला चिकटलेला होता. तिनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

तिघं निघाले. पुढं मीरासाहेब, कोपर बाहेर, पाऊल सरळ, उजव्या बाजूला हौसराव तळव्याचा कोन तपासत, मागं सबीना पिशवी घेऊन, आणि तिच्या मागं चौक.

परण्या मारुतीच्या देवळाजवळच रेंगाळली होती, कारण नवरदेवाच्या मित्रांचं नाचणं संपत नव्हतं. नवरदेव सार्थक घोड्यावर घामाघूम होऊन बसला होता. घोड्यापुढं लाल कोटातले शंकरराव गाल फुगवून ट्रम्पेट वाजवत होते. नवरदेवाचे वडील, आण्णा, गर्दीतून वाट काढत होते. एक वृद्ध फौजी सॅल्यूट करत घोड्याच्या दिशेनं येतोय, हे त्यांनी बघितलं आणि त्यांचा ऊर दाटला.

"ए, बाजूला व्हा! मिल्ट्रीवाल्यांना फुडं येऊ द्या! व्हिडिओवाला कुठाय? आबा, आमच्या सार्थकला सलामी द्यायला आलात? अवं, केवढं मोठं मन म्हणावं! सार्थक, हात कर त्यांना!"

सार्थकनं घोड्यावरून हात केला. घोडं दचकलं.

"मुलाला न्हाई दिली," मीरासाहेब म्हणाले.

"मग कुणाला?" आण्णांचा चेहरा उतरला.

याच वेळी कारखान्याच्या निवडणुकीला उभे असलेले एक पुढारी गाडीतून उतरले, समोर सॅल्यूट बघून जागच्या जागी थांबले, हात जोडून मीरासाहेबांसमोर वाकले आणि म्हणाले, "न्हाई आबा, मी एवढा मोठा न्हाई. मला कार्यकर्ताच राहू द्या." त्यांच्याबरोबरच्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. पुढारी डोळे पुसत मांडवाकडं गेले. नंतर त्यांच्या जेवणाच्या पंगतीतल्या भाषणात हा प्रसंग तीन वेळा आला.

सबीना सरळ शंकररावांपुढं जाऊन उभी राहिली. ट्रम्पेट थांबलं. ट्रम्पेट थांबलं म्हणून ताशा थांबला, ताशा थांबला म्हणून नाच थांबला.

"दादा, एक काम आहे. माझ्या वडिलांनी सकाळी तुम्हाला सॅल्यूट केलाय. तुम्ही तो परत द्या. त्याशिवाय त्यांचा हात खाली येणार नाही."

शंकररावांनी आधी मागं बघितलं. मागं घोडं होतं. "मला?"

"तुम्हालाच."

"चेष्टा करताय व्हय गरिबाची?" त्यांनी मीरासाहेबांकडं बघितलं, मग स्वतःच्या कोटाच्या बाह्यांकडं बघितलं. "तेवीस वर्षं ह्यो कोट घालतोय ताई. लोकं शिट्ट्या मारत्यात. खांद्यावर हात टाकून 'नागीण वाजव' म्हणत्यात. सॅल्यूट कुणी केला न्हाई."

"त्यांनाबी न्हाई कुणी केला," हौसराव म्हणाले. "हवालदाराला सॅल्यूट नसतो. तो ऑफिसराला असतो. ह्या माणसानं चोवीस वर्षं दिलं, लाखभर तरी दिलं असतील. उत्तराला आलं ते सोडा. आपणहून एकबी आला न्हाई. चला, हात वर घ्या. तळवा खाली, डांबर लागल्यासारखा."

"तळवा समोर," मीरासाहेब दातांतून म्हणाले.

"त्यांनी नेव्हीचा दिलाय, तुमी नेव्हीचाच द्या."

शंकररावांनी ट्रम्पेट ताशावाल्याकडं दिलं, टोपी सरळ केली, तुरा पुसला आणि सॅल्यूट केला. तळवा त्यांनी कुणाचंच मन मोडू नये म्हणून मधोमध ठेवला. वरवंडचा बँडमास्तर आणि न्हावऱ्याचा हवालदार एकमेकांसमोर उभे राहिले. पाच सेकंद गेले. दहा गेले.

"शंकरराव, आता हात खाली घ्या," सबीना म्हणाली. "वरिष्ठानं आधी घ्यायचा असतो."

"आसं कसं ताई? वडीलधारं माणूस समोर उभं. आबा आधी घेतील, मग मी घीन."

"तुमी साहेब हाय," मीरासाहेब म्हणाले. "आधी तुमी."

"मी तुमच्या नखाची सर न्हाई आबा. आधी तुमी."

"नियम हाय."

"आमच्यातबी नियम हाय. मोठ्यांच्या आधी हात उचलायचा न्हाई आन् आधी खालीबी घ्यायचा न्हाई."

हौसरावांनी मध्यस्थी करून बघितली. दोघांनी एकदम घ्यावा, मी तीन म्हणतो. मीरासाहेब म्हणाले, एकदम म्हणजे बरोबरी झाली, आणि बरोबरीत सॅल्यूटच नसतो, म्हणजे सकाळपासूनचा सगळाच रद्द होतो. हे तर्काला धरून होतं. मांडवातून निरोप आला की मुहूर्ताला पाऊण तास उरलाय आणि नवरी बोहल्यावर यायला तयार आहे. भटजींचा दुसरा निरोप आला. घोड्यानं मान खाली घातली. गर्दीत आता पन्नासेक हात कपाळाला लागलेले होते, काही तळवे समोर, काही खाली, आणि सार्जंट अक्रम ग्रुपवर व्हिडिओ कॉल लावून सगळ्यांचे कोन सांगत होते.

"आरं, लगीन हाय का झेंडावंदन?" आण्णांचा संयम सुटला. त्यांनी शंकररावांचं मनगट धरलं आणि हात खसकन खाली ओढला. "झाली ना परत? आबा, झालं तुमचं! घ्या खाली!"

सगळे मीरासाहेबांकडं वळले.

सबीनानंही बघितलं. वडिलांच्या मानेची शीर ताठ झाली, खांदा एकदा हलला, आणि हात होता तिथंच राहिला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण डोळे सबीनाकडं वळले आणि लगेच दुसरीकडं गेले. अमीरबीच्या जाण्यानंतर तिनं त्यांना असं बघताना एकदाच बघितलं होतं, ते न्हाणीत पडले त्या दिवशी ती दौंडहून धावत आली तेव्हा.

"आन् मीरासाहेब," हौसराव एकदम म्हणाले, "मघाधरनं काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय मला, आत्ता ध्यानात आलं. तुमची टोपी कुठाय? उघड्या डोक्यानं सॅल्यूट? नेव्ही असू, आर्मी असू, टोपी न्हाई तर…"

टोपी नाही तर सॅल्यूट नाही. हे सबीनाला पाचव्या वर्षापासून माहीत होतं. क्वार्टरच्या अंगणात अब्बा बनियनवर कपडे वाळत घालत असताना मेजरसाहेब आले, तेव्हा अब्बा नुसते सावधान उभे राहिले होते, हात मांड्यांना चिकटवून. तिनं नंतर विचारलं, सलाम का नाही केला? ते म्हणाले होते, उघड्या डोक्यानं केला तर तो सॅल्यूट नव्हे, नुसतं हात वर करणं. आज सकाळपासून ती जे बघत होती ते नुसतं हात वर करणंच होतं. आणि मीरासाहेबांची टोपी, ती गडद निळी बेरे, सबीनाच्याच पिशवीत होती. गेल्या रविवारी धुलाईला तिनंच ती दौंडला नेली होती.

साडेनवाची गाडी चौफुल्याकडून येते. तो रस्ता चौकातून बघायचा तर ऊन सरळ डोळ्यांत येतं. डोळ्यांवर हाताची सावली धरल्याशिवाय गाडीची पाटी वाचता येत नाही. ती पाटी वाचायला हात वर गेला, आणि खांद्यानं तो तिथंच धरला. तेवढ्यात समोरून बँड गेला. ज्या माणसानं कागदावर सही करून दिली होती त्यानं लाल कोट बघितला आणि त्या क्षणी ब्रिगेडियर नेमला.

सबीनानं पिशवीत हात घातला, बेरे काढली, वडिलांच्या डोक्यावर ठेवली आणि उजवीकडं ओढून नीट केली. बिल्ला डाव्या डोळ्यावर आला.

"टोपी होती काका. चौकात पडली होती, मी उचलून ठेवली."

बेरेच्या कडेला धुलाईवाल्यानं टाचलेली नंबराची चिठ्ठी लोंबत होती. हौसरावांनी चष्मा वर केला. चिठ्ठी वाचली. मग मीरासाहेबांच्या तळव्याकडं बघितलं, आकाशातल्या सूर्याकडं बघितलं, आणि बराच वेळ घसा साफ केला.

"व्हय," ते म्हणाले. "पडली हुती. मीच बघितली की पडताना."

"शंकरराव, वाजवा," सबीना म्हणाली.

"काय वाजवू?"

"नागीण वाजवा. जोरात."

ट्रम्पेट कडाडलं, ताशा सुरू झाला, पन्नास हात कपाळावरून सुटले आणि नाचायला लागले. त्या गोंधळात सबीनानं एक तळहात वडिलांच्या कोपराखाली दिला, दुसरा खांद्याच्या वाटीवर ठेवला. पलीकडून हौसरावांनी मनगट धरलं. देवळातल्या पणतीतलं कोमट तेल कुणीतरी आणून दिलं. संध्याकाळी झेंडा उतरवतात तसा, घाई न करता, बोट बोट, त्यांनी तो हात खाली आणला. मधे एकदा खांद्यात कट्‌कन वाजलं, पण ते ताशात गेलं.

"आ," मीरासाहेब म्हणाले.

"काय झालं अब्बा?"

"काय न्हाई. बँड चांगला हाय."

लग्न लागलं. तिघं मांडवात जेवले. मीरासाहेबांनी डाव्या हातानं चमचा धरून मसालेभात खाल्ला आणि त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. ग्रुपवर हौसरावांनी कळवलं की अधिकाऱ्यानं समक्ष येऊन सलामी परत दिली असून ठराव मागं घेण्यात यावा. सार्जंट अक्रम यांनी ठराव मागं घ्यायला अनुमोदन दिलं, कोनाबद्दलचं आपलं मत मात्र राखून ठेवलं.

चारच्या गाडीला सबीना परत निघाली. चौकात मीरासाहेब तिच्याशेजारी उभे होते.

"तो कागद," मीरासाहेब म्हणाले.

"कुठला कागद?"

"तुझ्या पर्समधला. आज जरा… म्हंजी हात…"

"सॅल्यूट परत यायला उशीर झाला, त्यात तुमचा काय दोष?" ती रस्त्याकडं बघत म्हणाली. "पण उद्या सकाळी हौसरावकाका तुम्हाला शिरूरला डॉक्टरकडं नेतील. ते साक्षीदार आहेत. साक्षीदाराचं ऐकावं लागतं."

"त्या खलाशाबरोबर?"

"त्याच्याच बरोबर."

गाडी आली. चढताना तिनं पर्समधून काळा गॉगल काढला आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सरकवला. मांडवाबाहेर खेळण्यांच्या हातगाडीवर तोच एक मिळाला होता. काड्या लाल होत्या.

"उन्हाला," ती म्हणाली. "आणि येताना टोपी घालत जा."

मीरासाहेबांनी खिसा चाचपला. तिच्याकडं बघितलं. मग गाडीच्या पाटीकडं.

"पुढच्या रविवारी तीच ना? साडेनवाची?"

"तीच."

पुढच्या रविवारी मीरासाहेब नऊलाच चौकात येऊन उभे राहिले. डोक्यावर निळी बेरे, डोळ्यांवर लाल काड्यांचा गॉगल, दोन्ही हात खाली, शिवणीला लागलेले. डॉक्टरनं सांगितलं होतं, महिनाभर उजवा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, आणि हौसरावांनी ते साक्षीदार म्हणून लिहून घेतलं होतं. चौफुल्याचा रस्ता लांबपर्यंत स्वच्छ दिसत होता. पाटी वाचायला हात लागणार नव्हता.

साडेनवाला पाच मिनिटं असताना एक टेम्पो आला. मागं बँड भरला होता, कुठल्यातरी गावाला सुपारी होती. ड्रायव्हरशेजारी लाल कोटात शंकरराव बसले होते. त्यांनी मीरासाहेबांना बघितलं, टेम्पो थांबवायला लावला, खाली उतरले, कोटाची बटणं लावली, टोपी सरळ केली आणि टाचा जुळवून सॅल्यूट ठोकला. आधी त्यांनी ठोकला. तळवा समोर, आरशासारखा.

पप्पूच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. हौसराव बाकड्यावरून उठले. "मीरासाहेब, न्हाई हं. डॉक्टर काय म्हणलाय? न्हाई म्हणतो मी!"

पण टोपी डोक्यावर होती. चोवीस वर्षांच्या नोकरीत आणि नंतरच्या पस्तीस वर्षांत, आपणहून आलेला हा पहिलाच होता. तो परत न देण्याला कोणत्याही सैन्यात सवलत नव्हती.

दौंड-शिरूर गाडी वळणावर आली तेव्हा सबीनाला खिडकीतून चौक दिसला. चौकात लाल कोटवाला एक माणूस हात खाली घ्यायची वाट बघत उभा होता. त्याच्यासमोर तिचे वडील सॅल्यूट ठोकून उभे होते. तळवा समोर होता. हौसराव दोघांच्या मधे डोक्याला हात लावून उभे होते, आणि पप्पू तिच्या गाडीला हात करत होता.

तिनं पिशवीतून अब्बांच्या खांद्यासाठी आणलेली तेलाची बाटली काढली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.